तारे, आपलं भांडण मिटलेलं नाही

तारे, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधी तुझ्या संजयने हात जोडले. "आई, मनीषाला आणि पोरांना नीट सांभाळेन," म्हणाला. कावळा कठड्यावर बसला होता, जागचा हलला नाही. मग तुझी सून मनीषा म्हणाली, "आई, तुमची तुळस मी सुकू देणार नाही." कावळ्याने नुसती मान वळवली. मग आपल्या पतसंस्थेचं काम बघणारा प्रमोद पुढे आला, बूट काढून, पँट वर दुमडून. "ताराकाकू, विलीनीकरणाचं काम मी पूर्ण करतो. तुम्ही निश्चिंत जा." तर तो कावळा उडाला आणि पलीकडच्या विजेच्या खांबावर जाऊन बसला. मला हसू आलं गं. दहाव्याला कुणी हसतं का? मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं रडते.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "इंदूताई, आता तुम्हीच बोला. भांडण मिटलं म्हणा. त्यांचा जीव त्यातच अडकलाय."

एकच शब्द म्हणायचा होता. ऊन चढत होतं, गुरुजी घड्याळ बघत होते, संजयचे डोळे लाल झाले होते. मी पदर घट्ट धरून उभी राहिले आणि तो शब्द म्हटला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्याच्याकडून पिंडाला शिवून घेतलं आणि आम्ही घरी आलो. येताना रिक्षात मनीषा तोंड फिरवून बसली.

तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. मी खोटं बोलणार नव्हते. आपलं भांडण मिटलेलं नाहीच.

ते कुठे थांबलं ते तुला आठवत असेल. हॉस्पिटलात तुझ्या नाकाला नळी लावलेली, आणि मी तुझ्यासाठी पेज घेऊन आले होते. एक चमचा घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "इंदे, होऊ दे गो विलीन."

"काय विलीन?"

"पेटी. आपली पतसंस्था. जाऊ दे त्या मोठ्या बँकेत. प्रमोद बरोबर बोलता. आपण गेल्यावर कोण बघणार?"

"तू कुठे चाललीस?"

"जुहूला, भेळ खायला."

मला राग आला. असल्या वेळी तुला मस्करी सुचत होती. मी म्हटलं, "त्या बँकेत आपल्या कांताला कर्ज देतील? पोळीभाजीचे डबे करते ती. पगाराची चिठ्ठी कुठून आणणार?"

"कांताचा पोरगा कमावतो आता. आणि नवीन पोरांना काय पडलंय आपल्या पेटीचं? त्यांचं सगळं मोबाईलवर."

"पोरांचं पोरं बघतील. कांताचं कोण बघणार?"

"तू बघ," म्हणालीस. "उभी राहा सभेत आणि सांग सगळ्यांना. सांगशील? नाय ना? तुका बोलूक येना नाय. मग होऊ दे विलीन."

इतक्यात दारावरची बाई ओरडली, "चला मावशी, टाइम झाला." मी डबा पिशवीत टाकला. दारातून मागे वळून म्हटलं, "उद्या येते. संपलेलं नाही हे." तू हातातला चमचा वर केलास. ये म्हणालीस की जा म्हणालीस, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुला आयसीयूत हलवलं होतं आणि मला आत सोडलं नाही.

आता सगळे म्हणतात, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण. मी म्हणते, तिनेच सुरू केलं होतं.

प्रमोदने विलीनीकरणाच्या निमित्ताने संस्थेचा इतिहास छापायला घेतलाय. मला वाचायला दिला. चौथीच शिकले असले तरी वाचते मी, बोट ठेवून वाचते. गुळगुळीत कागद आहे, फोटो आहेत. त्यात लिहिलंय की आपल्या भागातल्या दूरदृष्टीच्या कार्यकर्त्यांनी कष्टकरी महिलांना बचतीची सवय लागावी म्हणून संस्था काढली. सवय! तारे, आपल्याला सवय लावायला कुणी यायला नको होतं. तांदळाच्या डब्यात, हिंगाच्या डबीत, उशीच्या अभ्र्यात आपण ठेवतच होतो. आणि घरातला माणूस ते शोधून काढतच होता. आपल्याला सवय नको होती, जागा हवी होती.

त्या इतिहासात बँकेच्या दारावरचा वॉचमन नाही. मी त्याला विसरलेले नाही. आपण दोघी धुतलेल्या साड्या नेसून, केसाला तेल लावून खाली मोठ्या रस्त्यावरच्या बँकेत गेलो होतो. त्याने विचारलं, "कोणाकडे कामाला आहात? मॅडमनी पाठवलं का?" तू म्हणालीस, "मॅडम मीच." त्याने तुझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं. आतल्या साहेबाने सांगितलं, ओळख देणारा खातेदार घेऊन या. आपल्या ओळखीत खातेदार कोण होता? गिरणी बंद पडलेली, चढावरच्या सगळ्या चाळींत पुरुष दारात बसून होते.

परत येताना तू चढ इतक्या भराभर चढलीस की मला तुला गाठता येईना. घरात शिरलीस आणि लग्नात माहेरून आलेली लोखंडी पेटी उचलून पलंगावर उपडी केलीस. शालू पडला, समई पडली, सासूचा फोटो पडला. "ही बँक," म्हणालीस. मी म्हटलं, "हिला कुलूप एकच आहे. तुझ्या नवऱ्याने तोडलं तर?" दुसऱ्या दिवशी आपण ती पेटी दोघींनी धरून कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नेली.

तो म्हणाला, "एका पेटीला तीन कड्या? आत काय ठेवणार, राणीचा हार?"

तू म्हणालीस, "आत काय ठेवायचं ते आम्ही बघू. तू बाहेरच्यांचं बघ."

तीन कुलपं, तीन किल्ल्या. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक चाळीतल्या सगळ्यात थोरल्या पार्वतीकाकींकडे. प्रमोदच्या पुस्तकात लिहिलंय, तीन कुलपं हे पारदर्शक कारभाराचं प्रतीक आहे. कसलं प्रतीक आणि काय. एका बाईला मारून पेटी उघडता येऊ नये म्हणून तीन कुलपं होती. एवढं सरळ होतं ते.

माझ्या नवऱ्याने मला भिंतीशी धरून किल्ली मागितली, तेव्हा मी कमरेची काढून त्याच्या हातात दिली. तो तुझ्या घरी गेला. मी मागोमाग धावले. त्याने माझं कुलूप उघडलं आणि बाकीच्या दोन कुलपांकडे बघत राहिला. तू खाली बसून भाकरी थापत होतीस. हाताचं पीठही न झटकता म्हणालीस, "भावोजी, अजून दोघींना मारायचं राहिलं. माझ्यापासून सुरुवात करताय?" शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने किल्ली पेटीवर ठेवली आणि निघून गेला. पैशासाठी त्याने माझ्यावर पुन्हा हात उचलला नाही. बाकी कारणांसाठी उचलला, ते तुला माहीत आहे. पण पैशासाठी नाही.

यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस. "आभार काय मानतेस, भाकरी करपली माझी," असंच काहीतरी म्हणाली असतीस.

आणि भांडणाचा नियम. तो तर छापलेलाच नाही, बहुतेक प्रमोदला लाज वाटली असेल. नियम पार्वतीकाकींनी घातला होता. किल्ली असलेल्या बायकांमध्ये भांडण चालू असेल तर पेटी उघडायची नाही. "तोंड फिरवून बसलेल्या बायकांनी पैशाक हात लावूचो नाय. रागात मोजलेला चुकता," असं त्या म्हणायच्या. आधी भांडण मिटवा, मग कुलूप काढा. आणि मिटलं हे पेटीवर हात ठेवून म्हणायचं, म्हणजे खोटं म्हणता येणार नाही.

तुझे बोंबील आठवतात? माझ्या दोरीवर वाळत घातलेस, माझ्या धुतलेल्या साडीशेजारी. मी काढून तुझ्या दारात टाकले. झालं. तू माझं नाव टाकलंस, मी तुझं. आणि नेमकी तेव्हा कांताला कळा सुरू झाल्या. टॅक्सीला पैसे हवेत, हॉस्पिटलात भरायला पैसे हवेत, पेटी तुझ्या घरात आणि कांता जिन्यात बसून कण्हतेय. तू माझ्या दारात आलीस.

"भांडण मिटलं म्हण."

"नाही मिटलं."

"मग खोटं म्हण, इंदे! पोरगी मरेल तिकडे."

"पेटीवर हात ठेवून खोटं बोलू?"

"मग खरं मिटव! लवकर!"

"बोंबील परत घालशील माझ्या दोरीवर?"

"घालेन! तुझी दोरी उन्हात आहे, माझी सावलीत. मी काय करू?"

तेव्हा मला कळलं की तू खोडसाळपणाने घातले नव्हतेस. तुझ्या बाजूला ऊन येत नव्हतं एवढंच. मी चप्पल न घालता तुझ्यामागे पळाले. पार्वतीकाकी किल्ली घेऊन आधीच बसल्या होत्या. कांताचा पोरगा सुखरूप झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं माझ्या साड्यांना बोंबलाचा वास येत होता.

बघ, त्या नियमाने असं व्हायचं. भांडण मिटवायला लागायचं म्हणून दुसरीचं म्हणणं ऐकायला लागायचं. कुठल्या मोठ्या बँकेत असा नियम आहे, दाखव मला.

पुढे नोंदणी झाली, पाटी आली, पुरुष सभासद झाले, कॉम्प्युटर आला. चाळी पडल्या, इमारती उभ्या राहिल्या, पैसे पेटीतून कपाटात आणि कपाटातून कॉम्प्युटरमध्ये गेले. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण सगळे अजून 'पेटी'च म्हणतात. आणि पेटी उघडल्याशिवाय आपली सभा सुरू होत नाही, हे तेवढं राहिलं. आत काही नसतं आता, नुसती हळदकुंकवाची डबी. तरी तिघी पुढे जायचो, तीन कुलपं काढायचो, सगळे टाळ्या वाजवायचे.

सभेत मी कधी बोलले नाही. मला चार माणसांसमोर घशातून आवाज फुटत नाही, लहानपणापासून. मी तुझ्या कानात सांगायचे आणि तू उभी राहून म्हणायचीस, "इंदू म्हणते की..." वर तुझं तिखटमीठ लावायचीस. मी सांगायचे, "व्याज जरा जास्त वाटतं." तू म्हणायचीस, "इंदू म्हणते, सावकारी करायला बसलात काय रे?" लोक माझ्याकडे वळून बघायचे, त्यांना वाटायचं ही बाई वरून गरीब दिसते पण आतून जहाल आहे. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, मी खरंच तशी आहे हे तुलाच आधी दिसलं होतं.

तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, ते मी कबूल करते. सभेला येतो आपण म्हाताऱ्याच. नियम वाढलेत, तपासणीचा खर्च वाढलाय. प्रमोद स्वतःची नोकरी सांभाळून रविवारचा दिवस संस्थेत घालवतो, त्याची बायको त्याच्यावर कावते. तो वाईट मुलगा नाही. थकलाय तो. तूही थकली होतीस. पण तारे, थकलं म्हणून आपण दार दुसऱ्याच्या हवाली करायचं? ज्या दारात आपल्याला चपलांवरून जोखलं?

तर ऐक, सभेत काय झालं.

गेल्या रविवारी विलीनीकरणाची खास सभा होती, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. पेटी टेबलावर, तिच्याखाली नवीन टेबलक्लॉथ. तुझ्या खुर्चीवर तुझा हार घातलेला फोटो. मला तुझ्या शेजारीच बसवलं होतं, नेहमीसारखं. आधी तुझ्यासाठी सगळे उभे राहिले, मग प्रमोद बोलला. "ठराव मांडण्याआधी एक सांगतो. ताराकाकूंनी ही संस्था उभी केली. आणि त्यांची शेवटची इच्छा विलीनीकरण व्हावं हीच होती. इंदूमावशी तेव्हा समोर होत्या. मी खोटं बोलत असेन तर त्यांना विचारा."

सगळे वळले माझ्याकडे. आणि मी, तारे, सवयीने डावीकडे वाकले. तुझ्या कानात सांगायला. तिथे फोटोची काच होती. माझा श्वास काचेवर उमटला. मागच्या रांगेत कुणाला तरी हुंदका आला.

मग मी उभी राहिले. खुर्चीला धरून उभी राहिले.

"हो," म्हटलं. "ती तसं म्हणाली."

प्रमोदने सुटकेचा श्वास सोडला.

"पण ती चुकत होती," मी म्हटलं.

हॉलमध्ये एकदम सगळे पुटपुटायला लागले. गेलेल्या बाईबद्दल असं? तिच्या फोटोसमोर? मनीषाने माझ्याकडे असं बघितलं की मी क्षणभर बसणारच होते. पण उभी राहिले होते तर राहिले. म्हटलं, "मी तिला तेच सांगत होते. दारावरच्या बाईने टाइम झाला म्हणून हाकललं. भांडण अर्धंच राहिलं. ते मिटलेलं नाही. किल्लीवाल्या बायकांचं भांडण चालू असलं की पेटी उघडत नाही. मी माझं कुलूप काढणार नाही."

आणि बसले. एवढंच बोलले. तू असतीस तर तिखटमीठ लावलं असतंस. माझ्याकडे तेवढंच होतं.

प्रमोद शांतपणे म्हणाला, "मावशी, काकू गेल्या. आता ते भांडण मिटणार कसं?"

"ते मला माहीत नाही."

"कायद्यात असं काही नाहीये, मावशी."

तेव्हा कांता मागून ओरडली, "कायदा तुझा रे बाबा, पेटी आमची!" आणि इतका वेळ दबलेलं सगळं एकदम हसण्यात बाहेर पडलं. प्रमोदही हसला. पण तो हुशार आहे. त्याने विचारलं, "मग पेटी कधीच उघडायची नाही? पुढच्या वर्षीची सभा? त्यापुढची? संस्था बंदच करायची का?"

मी पेटीकडे बघत बसले. वाटलं, घे, संपलं, मी माझ्याच हाताने संपवलं.

मग पार्वतीकाकी खुर्चीतून न उठता, काठी आपटून म्हणाल्या, "तारेची किल्ली कोणाकडे आसा?"

मनीषाने हात वर केला. गोंधळून, शाळेत करतात तसा.

"मग भांडाण पण तुझ्याकडे. किल्ली घेतलंस तर भांडाण पण घेवचा लागतला. इंदूक पटव, नायतर इंदू तुका पटवतली. मिटला की दोघी पेटयेर हात ठेवा. तोपर्यंत सभा नाय." आणि प्रमोदकडे वळून, "समोसे मागवलेस ना? मग वाट."

सभा झालीच नाही. समोसे सगळ्यांनी खाल्ले.

सोमवारी दुपारी मनीषा आली. दवाखान्यातल्या ड्युटीवरून सरळ, गळ्यात ओळखपत्र तसंच. तुझी किल्ली तिने ओढणीच्या टोकाला बांधली होती. आत न येताच म्हणाली, "मावशी, दहाव्याला तुम्ही बोलला नाहीत ते मला आवडलं नाही. सभेत बोललात तेही आवडलं नाही. आई बरोबर म्हणत होत्या."

"बस," मी म्हटलं. "चहा ठेवते. भांडू."

बसली. आणि भांडली, तारे. चांगली भांडते. तुझ्यासारखी टोचून नाही, पण सोडत नाही. म्हणाली, संस्थेत पैसे काढायचे तर कुणीतरी ऑफिस उघडायची वाट बघायची, मोठ्या बँकेत मोबाईलवर बोटाने होतं. मी कांताचं सांगितलं. ती म्हणाली, कांतामावशींसारख्या आता किती राहिल्या? मी म्हटलं, तू कधी मोजल्यास? ती म्हणाली, तुम्ही तरी मोजल्यात का? मग म्हणाली, "मला सांगा, माझ्यासारखीला तुमच्या पेटीचा काय उपयोग? मला पगार आहे, खातं आहे, कार्ड आहे. खर्च केला की मेसेज येतो."

"येतो ना? मग बरं आहे."

"यांच्या मोबाईलवर येतो," ती म्हणाली. "लग्नानंतर नंबर यांचा दिला होता. परवा माझ्या आईला औषधाला पैसे पाठवले तर संध्याकाळी यांनी विचारलं, कुणाला पाठवलेस."

बोलता बोलता म्हणाली. मग थांबली. कप हातात तसाच धरून खिडकीबाहेर बघत राहिली.

संजय चांगला मुलगा आहे, तारे, तो तुझा आहे. त्याने नुसतं विचारलं असेल. तू असतीस तर बोलली असतीस, लगेच, सणसणीत. मी नुसता तिचा कप घेतला आणि पुन्हा भरला.

जाताना ती दारात थांबली. ओढणीची गाठ सोडली आणि किल्ली मुठीत घेतली. म्हणाली, "उद्या येते. संपलेलं नाही हे."

"ये," म्हटलं.

तर असं आहे. तू मला सभेत उभं राहायचं आव्हान दिलंस आणि माझं उत्तर ऐकायला थांबली नाहीस, हा तुझा दोष. तुझी सून आता तुझी बाजू लढवते आहे. ती जिंकेल की मी, मला ठाऊक नाही. पण सहज हरणार नाही एवढं सांगते. आणि मिटलं हा शब्द मी पेटीवर हात ठेवून, खरा झाल्यावरच म्हणेन. तोवर त्या कावळ्याला सांग, खांबावरच बस म्हणावं.